अकरा वर्षं उघडी राहिलेली नोंद

प्रिय धाकट्या,

फोन करायचा सोडून पत्र लिहितेय म्हणून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, गुडघे सोडले तर, आणि गुडघ्यांचं रडगाणं ऐकून तुझे कान केव्हाच किटले असतील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी काही अवघड काढलं की मध्येच विचारतोस, ताई जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, आणि मीही लगेच गोळ्यांवर घसरते, कारण मलाही ते सोयीचं असतं. आज सोय बघायची नाही असं ठरवून बसलेय. तेव्हा दुकानाचं अर्धं दार लोटून घे आणि सावकाश वाच. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडायचास, तसं करू नकोस. मला माझ्या वाटेने तिथवर येऊ दे. वाट जरा लांबची घेतेय, कारण मी भित्री आहे, आणि हे तुला माहीत नाही.

तुझ्या बायकोचा परवा फोन आला होता. ती सहज सांगत होती, की तू पंपाची मोटार दुरुस्त केलीस की ती गिऱ्हाईकाला लगेच देत नाहीस. सुरू करून ठेवतोस आणि घड्याळ हातात धरून तासभर तिच्याशेजारी बसतोस. गिऱ्हाईक दारात ताटकळतं, तरी नाही. तिला ते कौतुकाचं वाटतं, फार काटेकोर आहे म्हणते. मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवला. त्या घड्याळाबद्दलच लिहायचंय मला. पण आधी इथलं सांगते.

दोन महिन्यांनी मी निवृत्त होते. रक्तपेढी अजून तिथेच आहे, पायऱ्या उतरून डावीकडे, आणि खिडकीतून अजूनही माणसांचे फक्त पाय दिसतात. मधला फ्रीज बदलला, नवा जुन्यापेक्षा जास्त घुमतो. तू ज्या मोडक्या स्टुलावर बसून माझ्या डब्यातलं अर्धं जेवण फस्त करायचास, ते मी कुणाला टाकू दिलेलं नाही. आणि ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर तुझ्या प्रोग्रामऐवजी घेतलं होतं, तिने या वर्षाच्या सुरुवातीला गाशा गुंडाळला. चार ओळींचं पत्र आलं, की अमुक तारखेपासून सेवा बंद. बस्स. अकरा वर्षांतले सगळे रक्तदाते आत, आणि आम्ही बाहेर. दार आमचं, किल्ली त्यांच्या खिशात, आणि ते तर केव्हाच उठून गेलेले. एका मुलीला दुर्मिळ गटाचं रक्त हवं होतं. तसे नऊ दाते आहेत आपल्याकडे, पण त्यांचे फोन नंबर त्या बंद दारामागे. मोठीने, आठवते ना, आपली सगळ्यांत जुनी तंत्रज्ञ, तिने दुपारपर्यंत कपाटातल्या जुन्या वह्या उपसल्या तेव्हा दोघे सापडले. त्या दिवशी तुझं वाक्य आठवलं. ओपन सोर्स म्हणजे डब्याचं झाकण आपल्याच हातात, ते उघडून आत काय आहे ते कुणालाही बघता येतं, असं तू रुग्णालयाच्या समितीला सांगत होतास आणि समिती तुझ्याकडे बघत नव्हती.

तुझा तो प्रोग्राम मुळात समितीसाठी नव्हताच. तो माझ्या खोलीत जन्मला. तू रुग्णालयाच्या संगणक विभागात होतास, आणि आमच्याकडे तेव्हा दुसरंच एक जुनं विकत घेतलेलं सॉफ्टवेअर होतं. पिशवी देताना एकीने नंबर वाचायचा आणि दुसरीने तोच पिशवीवरून पुन्हा, उलटून वाचून दाखवायचा, ही आमची पद्धत त्या सॉफ्टवेअरला कळतच नव्हती. त्यात नाव लिहायला एकच चौकट. दुसऱ्या चौकटीसाठी आम्ही त्यांना दोन वर्षं पत्रं लिहिली आणि उत्तर आलं की मागणी पुढे पाठवली आहे. तू हसलास. म्हणालास, ताई, तुझी परीक्षा होती तेव्हा तू तिकिटांवरचे, डब्यांवरचे, मिळतील तिथले नंबर वाचायचीस आणि मी आठ वर्षांचं पोर ते तुला उलटून वाचून दाखवायचो. तुझा पहिला दुसरा वाचणारा मीच. मग जगात कुठल्याशा रक्तपेढीने उघडा ठेवलेला एक प्रोग्राम तू शोधलास, त्यावर तीन महिने घाम गाळलास, दुसऱ्या वाचणाऱ्याची चौकट घातलीस, आणि सगळं परत उघड्यावर ठेवलंस, ज्याला हवं त्याने न्यावं म्हणून. मला तेव्हा इतका अभिमान वाटला होता की मी तुला नुसतं म्हटलं, रंग भडक झालेत.

समितीत काय झालं ते तुला पाठ असेल, पण मला आता ते निराळं दिसतं. आपण दोघं तेव्हा त्या माणसांना अडाणी समजत होतो. खरेदीवाले, ज्यांना आपण पावतीकाका म्हणायचो, ते एकच विचारत होते, बिघडलं तर कुणाची मान धरायची. तू म्हणालास, माझी. ते म्हणाले, आणि तू नोकरी सोडलीस तर. तू म्हणालास, जगभर माणसं आहेत. त्यावर ते म्हणाले, जगाला फोन कुठे लावायचा. सगळे हसले, पण प्रश्न खोटा नव्हता. हिशेबवाल्या बाईंना फुकट मिळालेल्या वस्तूची नोंद कुठल्या रकान्यात करायची ते कळेना, आणि ज्याला रकाना नाही ते त्यांना चोरीचंच वाटायचं. मोठे डॉक्टर तुझ्या बाजूने होते, म्हणून तर तीन आठवड्यांची चाचणी तरी मिळाली. प्रत्येकाला आपापली भीती होती, आणि प्रत्येकाने ती उघड सांगितली. एकाच माणसाने सांगितली नाही, आणि ते माणूस टेबलाच्या टोकाला बसून मान डोलावत होतं.

त्या चाचणीला तूच अट घातली होतीस. कागदी वही बंद. तू म्हणालास, वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवलं तर माणसं वहीच खरी मानतील आणि संगणकाला उष्टं देतील. मोठ्या डॉक्टरांना ते पटलं. विभागप्रमुख म्हणून मी लिहून दिलं की वह्या बंद केल्या आहेत, खाली सही केली. आणि वेळ हाताने लिहायची सोय तू मुद्दामच ठेवली नाहीस. बटण दाबलं तीच पिशवी दिल्याची वेळ, मागेपुढे करणं कुणाच्या हातात नको, असं तुझं म्हणणं.

मग तो दुसऱ्या आठवड्यातला दिवस. सकाळी अकराला वॉर्डात पिशवी गेली, ऑपरेशन पुढे ढकललं, पिशवी तिथे टेबलावर तशीच पडून राहिली आणि सव्वादोनला आपल्याकडे परत आली. अर्ध्या तासाच्या वर बाहेर राहिलेलं रक्त फ्रीजमध्ये परत ठेवायचं नसतं, हे आपल्याकडे झाडूवाल्यालाही ठाऊक आहे. पण दोनला पाळी बदलली होती. नव्या पाळीच्या मुलीने पडद्यावर बघितलं, तिथे पिशवी दिल्याची वेळ दोन वाजून पाच मिनिटं. म्हणजे जेमतेम दहा मिनिटं झालेली. तिने ती परत फ्रीजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी ती एका ओल्या बाळंतिणीला चढवायला निघाली होती. वॉर्डातल्या सिस्टरला आदल्या दिवसाच्या कागदावर तोच नंबर दिसला आणि तिने पिशवी लावणारीचा हात धरला. बाई वाचली, दुसरी पिशवी मिळाली, बाळाला घेऊन घरी गेली. पण पडदा आणि कागद यांच्यात तीन तासांचा फरक होता, आणि तो कुणाच्या तरी डोक्यावर फुटणार होता.

चौकशीत तू उभा राहिलास तो अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. इस्त्रीचा शर्ट घातला होतास. तू सांगितलंस की नोंदी तपासल्या, त्या घोळक्याने येतात, दिवसभर काही नाही आणि दोनच्या सुमाराला वीस-पंचवीस एकदम. म्हणजे माझ्या प्रोग्राममध्ये नोंदी कुठेतरी अडकून पडतात, नंतर एकदम सुटतात आणि सुटतानाची वेळ लावून घेतात. का अडकतात ते मला सापडलं नाही. चूक माझी आहे. एवढं बोलून तू बसलास. पावतीकाकांनीसुद्धा तुझ्या पाठीवर हात ठेवला. संध्याकाळी तू माझ्या खोलीत आलास, स्टुलावर बसला नाहीस, दारातच उभा राहून म्हणालास, ताई, माझ्यामुळे तुझ्या विभागाला बट्टा लागला, मला माफ कर. आणि मी म्हटलं, असू दे. हे माझे दोन शब्द अकरा वर्षं माझ्याच कानांत वाजताहेत.

त्यानंतर चार महिने तू ती चूक शोधलीस. वाळलास. मग नोकरी सोडलीस, संगणक सोडलास, गाव बदललंस, आणि जळलेल्या मोटारींच्या तारा पुन्हा गुंडाळायला लागलास. दुकानात पावत्यासुद्धा हाताने लिहितोस. मी सगळ्यांना सांगत आले की त्याला स्वतःचा धंदा हवा होता.

आता अलीकडचं. कंपनी बुडाल्यावर नवी समिती बसली. संगणक विभागात एक नवी बाई आलीय, आम्ही तिला खटपटी म्हणतो, तिला गप्प बसणं जमत नाही. तिने महिनाभर शोधून एक प्रोग्राम समितीपुढे ठेवला, आणि पडद्यावर तो उघडला तेव्हा मी दुसऱ्या वाचणाऱ्याची चौकट ओळखली. रंगसुद्धा तेच, भडक. धाकट्या, तुझा प्रोग्राम जिवंत आहे. तू टाकून गेलास आणि तो लोकांनी उचलून घेतला. कितीतरी देशांतल्या लहानसहान रक्तपेढ्या तो वापरतात, त्यात भर घालतात, दुरुस्त्या करतात. पावतीकाकांचा प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तरही खरं निघालं. तू नोकरी सोडलीस तरी बाकीचं जग होतंच.

पण त्याच्या इंटरनेटवरच्या पानावर सगळ्यांत वर, तू सोडून जाताना लिहिलेली सूचना अजून आहे. खटपटीने वाचून दाखवली. या प्रोग्रामवर विसंबू नका, यात नोंदी अडकतात, वेळ चुकते, मी लिहिलंय पण मला कारण सापडलं नाही, क्षमस्व. खाली तुझं नाव. आणि त्याखाली अकरा वर्षांची उत्तरं. एका बेटावरच्या माणसाने लिहिलंय, मी महिनाभर दर तासाला तपासलं, काही अडकत नाही. एका बाईच्या दवाखान्यात दिवसाला चारच तास वीज असते, तिने मुद्दाम तारा ओढून बघितल्या, वेळ बरोबरच लागली. एका शिक्षकाने वर्गाला हाच अभ्यास दिला, तीस जणांनी शोधलं. कुणालाच काही सापडत नाही. तरी कुणी तुझी ती नोंद बंद करत नाही, म्हणजे चूक मिटली अशी खूण करत नाही, कारण ज्याने बनवलं तोच म्हणतोय तर असेल काहीतरी, असं एकाने लिहिलंय. आणि दोन-तीन ठिकाणच्या लोकांनी लिहिलंय की या सूचनेमुळे आमच्याकडे मंजुरी मिळाली नाही, आम्ही कागदावरच राहिलो. हेही खटपटीने वाचून दाखवलं. मी एका माणसाचं नुकसान केलं असं धरून बसले होते. जगात अनोळखी लोक तारा ओढून बघत होते, आणि उत्तर माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होतं.

आपल्या समितीतही तिथेच घोडं अडलं. सगळ्यांना प्रोग्राम हवाय, पण सूचना बघून सगळे गार. मग नव्या मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, तेव्हाच्या समितीतल्या माणसांपैकी तुम्हीच उरलात, तुम्ही सांगा काय झालं होतं. मी आठवडाभराची मुदत मागितली. तो आठवडा काल संपला.

वही बंद झाली नव्हती, धाकट्या. पहिल्या दोन दिवसांतच माझी पाचावर धारण बसली. मुलींचे हात हातमोज्यांत, ओले, खिडकीशी नातेवाइकांची रांग, आणि एकेक अक्षर शोधत बसायचं. एक रडायलाच लागली. पण मुलींचं नाव तरी कशाला पुढे करू? मी स्वतः, खोलीच्या या टोकावरून त्या टोकाच्या पिशवीचा नंबर वाचणारी, सगळ्यांसमोर एका बोटाने अक्षरं हुडकत होते, आणि कालची आलेली मुलगी मला बटण दाखवत होती. मला ते सोसलं नाही. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं, आधी वहीत लिहा, संगणकात पाळी सुटताना सगळं एकदम भरा. रोज दोनला त्या भरायच्या. घोळक्याने. तुझा प्रोग्राम जे सांगितलं तेच करत होता, बटण दाबलं ती वेळ लावत होता. चौकशीत मुलींनी माझ्याकडे बघितलं आणि मी मूग गिळून बसले, म्हणून त्याही गप्प बसल्या. मी सही करून दिली होती. प्रमुख होऊन सात महिने झाले होते. खुर्ची जाईल, नाव जाईल, अशी भीती वाटली. आज ती भीती किती लहान दिसते ते सांगूनही तुझ्या उपयोगाचं नाही. आणि चौकशीच्या आधी तू मला विचारलं होतंस, आठवतं? ताई, नोंदी वेळच्या वेळी करता ना? मी म्हटलं, हो. तू पुढे काहीच विचारलं नाहीस. तू तारांवर शंका घेतलीस, यंत्रावर घेतलीस, स्वतःवर घेतलीस. माझ्यावर नाही घेतलीस. मी वाचलेला नंबर तू उलटून वाचलास, आठ वर्षांचा असताना वाचायचास तसा, विश्वासाने. तो मी चुकीचा वाचला होता.

काल मी ती वही समितीच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. पुढे माझं काय करायचं ते ते ठरवतील, तू त्याचा घोर लावून घेऊ नकोस आणि माझ्यासाठी धावतही येऊ नकोस. नंतर खटपटीने मला तुझ्या त्या पानासमोर बसवलं, आणि तुझ्या सूचनेखाली मी माझ्या नावाने, एका बोटाने, सगळं लिहिलं. वहीच्या पानांचे फोटो जोडले. बेटावरच्या माणसाचं उत्तर तासाभरात आलं, त्यात तू कसा आहेस असं विचारलं होतं. पण ती नोंद अजून उघडीच आहे. खटपटी म्हणाली, मी बंद करू शकते. मी नको म्हटलं. ज्याने उघडली त्यानेच ती बंद करावी, आणि हे तुला त्या पानावरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. मला माफ कर असं लिहिणार होते, पण तू लगेच असू दे म्हणशील, आणि ते शब्द मला तुझ्या तोंडून इतक्यात ऐकायचे नाहीत. रागाव, हवं तितके दिवस रागाव. फक्त एक कर. कुणाकडे तरी संगणक असेल, त्यावर जाऊन ती नोंद तुझ्या हाताने बंद कर. आणि उद्या जी मोटार दुरुस्त होईल ती गिऱ्हाईकाला लगेच देऊन टाक. तिच्याशेजारी बसू नकोस. तुझं घड्याळ तेव्हाही बरोबरच होतं.

तुझीच,
नंबर चुकीचा वाचणारी ताई